आया आणि आई : रुडयार्ड किपलिंगच्या बालपणाची कथा

मोगलीची गोष्ट ठाऊक नाही असा सभासद आपल्या ग्रंथालयात सापडणे कठीण. कोणी ती मूळ इंग्रजीतून वाचली, कोणी मराठी रूपांतरातून. आणि १९९३ साली दूरदर्शनवर रविवारी सकाळी मोगली अवतरू लागला तेव्हा ज्यांनी पुस्तक कधी हाती धरले नव्हते अशी मुलेही त्याच्या नादी लागली. त्या गोष्टीतील एक बाब मात्र सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. मोगलीला दोन माता आहेत. एक लांडगी, जिने त्याला आपल्या पिलांत घेतले. दुसरी गावातली मेसुआ, जी त्याला वाघाने पळवलेला आपलाच मुलगा समजते. दोघींची माया खरी आहे, आणि दोघींपैकी एकीकडेही त्याला कायमचे राहता येत नाही. जंगल त्याला माणूस म्हणून दूर करते, गाव त्याला जनावर म्हणून दगड मारते. हा मुलगा किपलिंगला कोठे भेटला, याचा शोध घेऊ गेल्यास वाट मुंबईच्या एका अंगणात जाते, आणि त्या अंगणात आपल्या गोव्याकडील एक बाई उभी दिसते.

रुडयार्ड किपलिंगचा जन्म ३० डिसेंबर १८६५ रोजी मुंबईस जमशेटजी जिजीभाई कलाशाळेच्या आवारात झाला. वडील जॉन लॉकवूड किपलिंग त्या शाळेत शिल्पकलेचे अध्यापक होते. क्रॉफर्ड मार्केटवरील कोरीव शिल्पे त्यांच्याच आराखड्यांवरून घडली. आई ॲलिस बोलण्यात चतुर, समारंभप्रिय आणि तल्लख. दोघेही मेथडिस्ट धर्मोपदेशकांच्या घरातली. विवाह होऊन वर्ष उलटण्याच्या आत ती परक्या देशात आली आणि मुलाची आई झाली. तेव्हाच्या गोऱ्या कुटुंबांच्या रीतीप्रमाणे मुलाचा सारा दिवस नोकरांच्या स्वाधीन होता.

त्याच्या आयेचे वर्णन किपलिंगने पोर्तुगीज रोमन कॅथलिक असे केले आहे. त्या काळच्या मुंबईत अशा घरकामास असलेली 'पोर्तुगीज' बाई म्हणजे बहुधा गोव्याकडची ख्रिस्ती, हे येथील वाचकांस सांगावयास नको. 'आया' हा शब्ददेखील पोर्तुगीजांनीच या किनाऱ्यावर आणला, आणि मराठीने त्याची गंमत केली. आई या शब्दाचे अनेकवचनही 'आया' असेच होते. ही आया त्याला रस्त्याकडेच्या क्रुसापाशी प्रार्थनेला नेई. मीता नावाचा हिंदू गडी त्याला लहानसहान देवळांत नेई. मूल जातपातीच्या वयाखालचे असल्याने कोणी अडवीत नसे, आणि ते मीताचा हात धरून अंधुक गाभाऱ्यातल्या देवांकडे पाहत राही. ते देव त्याला ओळखीचे, मित्रासारखे वाटत. पहाटे फळबाजारात फेरी होई. दुपारी निजण्यापूर्वी आया किंवा मीता गोष्टी सांगत, देशी अंगाईगीते गात. संध्याकाळी कपडे चढवून त्याला जेवणघरात आईबापांपुढे धाडताना बजावले जाई की, आता इंग्रजीत बोलायचे. मग तो पोर देशी भाषेत विचार करून, तिचे मनातल्या मनात भाषांतर करीत, अडखळत इंग्रजी बोले. स्वप्नेही त्याला त्याच भाषेत पडत.

त्या वर्षांतला एक प्रसंग त्याने पुढे नोंदवून ठेवला आहे. घराजवळ पारशांच्या दख्म्याची गिधाडे घिरट्या घालीत. एकदा बागेत एका लहान मुलाचा हात पडलेला आढळला. आई कासावीस झाली आणि याविषयी काही विचारायचे नाही असे तिने त्याला सांगितले. त्याला तो हात पाहायचा होता. अखेरीस काय घडले ते आयेने सांगितले. मूल कोणाजवळ प्रश्न घेऊन जाते आणि उत्तर कोणाकडून मिळते, यावरून त्याचे मन कोठे बांधले गेले आहे हे ताडता येते. आईवर त्याचे प्रेम नव्हते असे मुळीच नाही. पण त्याच्या दिवसाचा आधार आया आणि मीता हे होते, आणि आईबाप हे त्या दिवसाचे संध्याकाळचे वैभव होते.

१८६८ मध्ये बहीण जन्मली. तिलाही ॲलिस हेच नाव, पण सारे तिला ट्रिक्स म्हणत. १८७० मध्ये आणखी एक अपत्य झाले ते जगले नाही. मुंबईच्या हवेत गोरी मुले टिकत नाहीत ही भीती त्या घराने अशा रीतीने प्रत्यक्ष अनुभवली होती. तिच्या जोडीला दुसरी भीती होती, जी उघड बोलली जात असे : नोकरांच्या सहवासात मूल 'देशी' होऊन जाईल. म्हणून पाचसहा वर्षांची झाली की मुले विलायतेस पाठवायची, हा शिरस्ता होता. कादंबरीकार थॅकरे कलकत्त्यास जन्मला, त्यालाही पाच वर्षांचा असताना असेच पाठवले होते. १८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाल्याने प्रवास सोपा झाला, मात्र शिरस्ता मोडला नाही.

१८७१ मध्ये किपलिंग कुटुंब इंग्लंडला गेले. रुडयार्डला सहा वर्षे पुरी व्हायची होती, ट्रिक्स तीन वर्षांची. वर्तमानपत्रातील जाहिरातीवरून पोर्ट्समथजवळच्या साउथसी गावी होलोवे नावाचे एक कुटुंब आईबापांनी निवडले. हिंदुस्थानातील साहेबांची मुले पैसे घेऊन सांभाळणे हा त्या घराचा व्यवसाय होता. आईच्या बहिणी इंग्लंडात होत्या. एकीचे यजमान चित्रकार बर्न-जोन्स, दुसरीचे चित्रकार पॉइंटर, आणि तिसरीचा मुलगा स्टॅन्ले बॉल्डविन पुढे इंग्लंडचा पंतप्रधान झाला. त्यांच्याकडे मुले का ठेवली नाहीत, यावर चरित्रकारांनी पुष्कळ शाई खर्च केली आहे. १८६८ च्या भेटीत लहानग्या रुडयार्डच्या आरडाओरडीने आजोळ त्रासून गेले होते, हे एक कारण दिले जाते. काही असो. आईबाप परत निघाले, आणि आपल्याला येथे ठेवून जाणार आहेत हे मुलांना आधी स्पष्ट सांगितले गेले नाही. निरोपाचे दुःख टाळावे हाच हेतू असणार. आपल्याकडेही मूल झोपेत असताना किंवा खेळात गुंतलेले पाहून मागल्या दाराने निघून जाण्याची रीत घरोघर आहे, आणि तीही मायेपोटीच असते.

पुढली साडेपाच वर्षे या घरात गेली. किपलिंगने आत्मचरित्रात त्या घराला ओसाडीचे घर म्हटले आहे. घरधनी कॅप्टन समुद्रावर आयुष्य काढलेला, मुलाशी मायेने वागणारा म्हातारा होता. पण तो १८७४ मध्ये वारला. त्यानंतर सत्ता बाईंची, आणि त्यांच्या मुलाची, जो रुडयार्डहून मोठा होता. बाई कडव्या धार्मिक वृत्तीच्या. क्रूस आणि देऊळ या दोहोंतल्या देवांशी ज्याची मैत्री होती, त्या मुलाने नरक हा शब्द येथे पहिल्यांदा ऐकला, आणि तेथील साऱ्या यातनांसह ऐकला. रात्री झोपेने डोळे मिटत असताना त्याची दिवसभराच्या वर्तनाविषयी उलटतपासणी होई. उत्तरांत तफावत निघाली की ते खोटे ठरे, आणि सकाळी न्याहारीच्या वेळी त्याची शिक्षा. प्रौढपणी तो यावर कडवट विनोद करी : खोटे सांगायचे तर ते जमवून सांगावे लागते, आणि साहित्यिकाचे शिक्षण तेथेच सुरू होते, अशा आशयाचा.

ट्रिक्सवर बाईंची मर्जी होती. त्यामुळे भावाबहिणीत फूट पडेल असा संभव होता, पण पडली नाही. ती तीनचार वर्षांची चिमुरडी भावाची बाजू घेत राहिली. बालमानसाचे अभ्यासक आज सांगतात की, अशा प्रसंगी सोबतचे भावंड हाही मोठा आधार असतो. तो आधार त्याला मिळाला, तिला त्याच्याकडून मिळाला.

दुसरा आधार पुस्तकांचा, आणि ग्रंथालयाच्या स्मरणिकेत तो सांगितलाच पाहिजे. वाचायला तो याच घरात शिकला, तेही नाखुशीने. पण अक्षरांतून आनंद मिळतो हे उमगल्यावर थांबेना. वडिलांनी पाठवलेले 'रॉबिन्सन क्रूसो' हाती आले. तळघरातील ओलसर खोलीत तो एकट्यानेच क्रूसोचा खेळ मांडी. साहित्य म्हणजे लाल दोरीत ओवलेली नारळाची करवंटी, एक पत्र्याची पेटी आणि खोक्याची एक फळी. ती फळी आडवी लावली की बाकीचे जग बाहेर राही. वाचनात त्याला सुख आहे हे ध्यानात येताच वाचनबंदी हीच शिक्षा ठरली, आणि तो अपुऱ्या उजेडात चोरून वाचू लागला. डोळे बिघडले. फळ्यावरचे दिसेना, शाळेतला शेरा वाईट आला, तो त्याने लपवला. लपवलेले उघडकीस आल्यावर पाठीवर खोटारडा अशी पाटी लावून त्याला रस्त्याने शाळेत धाडण्यात आले. त्याच सुमारास नसलेल्या वस्तू व सावल्या दिसण्यापर्यंत त्याची मनःस्थिती पोहोचली. दर डिसेंबरात मात्र तो लंडनला जॉर्जियाना मावशीकडे, बर्न-जोन्स यांच्या घरी जाई. तेथे महिनाभर रंग, गोष्टी, दंगा आणि प्रेम. त्या घराच्या दारावरील लोखंडी घंटेची साखळी ओढण्यासाठी तो उड्या मारी. मोठेपणी ती घंटा त्याने मागून घेतली आणि आपल्या ससेक्समधील घराला लावली.

येथे एक प्रश्न कोणाही वाचकाच्या मनात येईल. दरवर्षी महिनाभर मावशीकडे राहणाऱ्या मुलाने तिला हे का सांगितले नाही? मावशीनेही पुढे हेच विचारले. किपलिंगचे म्हणणे असे की, मुले जनावरांइतकेच बोलतात. जे वाट्याला येते ते नेहमीचेच आहे असे धरून चालतात. या विषयावर मी जे थोडेफार वाचले आहे त्यात याहून नेमके निरीक्षण मला आढळलेले नाही.

१८७७ च्या वसंतात आई परतली. रात्री ती मुलाच्या खोलीत त्याचा पापा घेण्यास वाकली, आणि मार चुकवण्यासाठी त्याने हात वर केला. आईला जे कळायचे ते त्या क्षणी कळले. मुलांना तिने त्या घरातून हलवले, आणि काही महिने ती एका शेतघरावर तिच्यासह मोकळी हुंदडली. चष्मा मिळाला, झाडे-माणसे पुन्हा स्पष्ट दिसू लागली. परंतु नंतर मुलगा वसतिगृहाच्या शाळेत आणि मुलगी, आश्चर्य वाटेल, पुन्हा काही काळ त्याच साउथसीच्या घरी. त्या पिढीच्या आईबापांना दुष्ट ठरवून मोकळे होणे सोपे आहे. ती माणसे प्रेमळ होती आणि शिरस्त्याबाहेर विचार करण्याची त्यांना सवय नव्हती, हे अधिक खरे.

या प्रकाराला शास्त्रीय भाषा मिळण्यास बराच काळ जावा लागला. जॉन बोल्बी हा इंग्लिश मनोवैद्य १९०७ मध्ये जन्मला, किपलिंगला नोबेल पारितोषिक मिळाले त्याच वर्षी. लंडनच्या प्रतिष्ठित शल्यवैद्याचे घर, आईची भेट दिवसातून तासभर, चहानंतर, सांभाळ दाईकडे. त्याची लाडकी दाई तो चार वर्षांचा असताना सोडून गेली, आणि ते दुःख आई गमावण्यासारखे होते असे तो मोठेपणी सांगे. दुसऱ्या महायुद्धानंतर बेघर झालेल्या मुलांविषयी जागतिक आरोग्य संघटनेसाठी त्याने लिहिलेला अहवाल १९५१ मध्ये निघाला, आणि १९६९ पासून स्नेहबंधाचा सिद्धांत मांडणारे त्याचे तीन खंड प्रसिद्ध झाले. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : मूल आपल्याला जवळ घेणाऱ्या एकदोघा माणसांशी जखडले जाते ते केवळ दुधासाठी नव्हे. भीती वाटली की परत यावे असा तो तळ असतो, आणि तो भक्कम असेल तरच मूल जगात पुढे जाऊन पाहते. तो सुटला तर मूल आधी आक्रंदते, मग खिन्न होते, आणि नंतर अलिप्त होते. या शेवटच्या अवस्थेला मोठी माणसे मूल रुळले असे म्हणतात. बोल्बीचे सहकारी जेम्स रॉबर्टसन यांनी रुग्णालयात एकटे ठेवलेल्या मुलांत या तीन पायऱ्या पाहिल्या होत्या. पुढे मायकेल रटर यांनी १९७२ मध्ये या सिद्धांतात महत्त्वाची दुरुस्ती सुचवली. नुसता वियोग हाच सर्वनाशाचे कारण नव्हे; वियोगानंतर मूल कोणाच्या हाती पडते यावर पुष्कळ अवलंबून असते, आणि मुलाचा बंध एकट्या आईशीच असतो असेही नाही.

ही दुरुस्ती ध्यानात घेतली की साउथसीची कथा वेगळी वाचता येते. चरित्रकार १८७१ चा वियोग हा आईबापांचा वियोग म्हणून मोजतात. पण त्या वर्षी त्या मुलाने आया गमावली, मीता गमावला, आणि ज्या भाषेत तो स्वप्ने पाही तीही गमावली. आईबाप पत्रांतून तरी उरले. वडील चित्रे काढून पाठवीत. आया आणि मीता यांच्या वियोगाची नोंद घ्यावी असे कोणालाही सुचले नाही, कारण नोकर सोडून जाणे ही घटना समजली जात नसे. दुसरीकडे, तो मुलगा साउथसीत मोडून पडला नाही याचे श्रेयही मला त्या पहिल्या सहा वर्षांना द्यावेसे वाटते. ज्याला एकदा भरपूर जवळ घेतले गेले आहे त्याला जवळीक म्हणजे काय ते ठाऊक असते, आणि मावशीच्या दारात ती ओळखूही येते. ट्रिक्सच्या वाट्याला ती वर्षे निम्मीच आली. १८९८ पासून तिला मानसिक आजाराचे झटके येत राहिले. यावरून कार्यकारणाची साखळी जोडण्याचा मोह होतो, पण दोन भावंडांच्या उदाहरणावरून एवढे मोठे अनुमान काढणे धाडसाचे होईल.

ऑक्टोबर १८८२ मध्ये सोळा वर्षांचा किपलिंग बोटीने मुंबईस उतरला. किनाऱ्यावरील दृश्ये आणि वास अंगावर येताच त्याच्या तोंडून देशी भाषेतील वाक्ये बाहेर पडू लागली, आणि त्यांचा अर्थ त्यालाच कळेना! अकरा वर्षे ती जिभेवर कोठे दडून बसली होती कोण जाणे. तेथून तो लाहोरला गेला. वडील तेथील कलाशाळेचे प्राचार्य आणि वस्तुसंग्रहालयाचे प्रमुख होते. मुलगा वर्तमानपत्राच्या कचेरीत लागला. काही काळाने ट्रिक्सही आली आणि चौघे प्रथमच एका छपराखाली सुखाने राहिले. पण १८८८ मध्ये, अलाहाबादेस असताना, त्याने साउथसीची कथा लिहून काढली. 'बा बा, ब्लॅक शीप' हे तिचे नाव. तिच्या प्रारंभी आया, हमाल आणि मीता मुलाला झोपवीत आहेत. आईबापांना ती वाचून फार यातना झाल्या. कथेच्या शेवटी आई परत येते, सारे गोड होते, आणि तरीही लेखक बजावतो की एकदा प्यायलेले कडू पाणी नंतरच्या साऱ्या प्रेमाने धुऊन निघत नाही. उलट आत्मचरित्रात तो म्हणतो की त्या घराने आपली द्वेष करण्याची शक्तीच संपवली. दोन्ही विधाने त्याचीच आहेत. माझा कल पहिल्याकडे आहे. त्याच्या काही कथांतील सूड आणि क्रौर्य वाचताना एडमंड विल्सन या अमेरिकन समीक्षकाला साउथसी आठवली, आणि त्याने १९४१ मध्ये तसे लिहिले. काहींनी किपलिंगचे वर्णन अतिरंजित ठरवले, आणि होलोवे बाईंची बाजू कोणी ऐकली नाही हेही खरे. तथापि ट्रिक्सने १९३९ मध्ये लिहिलेल्या आठवणी भावाच्या कथनाला मुख्यतः दुजोरा देतात. तिने तर बाईंच्या छळाहूनही मोठी गोष्ट नोंदवली : आईबापांनी आपल्याला का टाकले हे न समजणे, हेच खरे दुःख.

साम्राज्याचा भाट म्हणून आपण त्याला ओळखतो आणि ते अन्यायाचे नाही. जालियनवाला बागेनंतर डायरसाठी १९२० मध्ये उभारलेल्या निधीत त्यानेही पैसे दिले. मीताचा हात धरून देवळात जाणारा मुलगा तोच. बालपणीची माया माणसाला न्यायी बनवतेच असे नाही.

पुढचे आयुष्य सर्वश्रुत आहे. १८९२ मध्ये विवाह, अमेरिकेत वास्तव्य, १८९४-९५ मध्ये दोन 'जंगल बुक', १९०१ मध्ये 'किम'. किमही अनाथ आहे. लाहोरच्या रस्त्यांवर वाढलेला, आणि लामा, घोड्यांचा व्यापारी, वृद्ध राणीसाहेब अशा किती जणांचा थोडाथोडा मुलगा. आपल्या लेकरांवर किपलिंगचा फार जीव होता. थोरली जोसेफीन त्याचा जीव की प्राण होती. तिला झोपताना सांगितलेल्या गोष्टींतून 'जस्ट सो स्टोरीज' जन्मल्या. मार्च १८९९ मध्ये न्यूयॉर्कला ती सहा वर्षांची असताना न्यूमोनियाने गेली. तो स्वतः त्याच आजाराने मृत्यूच्या दारात होता, त्यामुळे बातमी त्याला उशिरा सांगावी लागली. अमेरिकेत त्याने पुन्हा पाऊल ठेवले नाही. मुलगा जॉन, दृष्टी अधू असूनही बापाच्या वशिल्याने सैन्यात घेतला गेलेला, सप्टेंबर १९१५ मध्ये लूसच्या लढाईत अठराव्या वर्षी पडला. त्याचा देह बापाच्या हयातीत सापडला नाही. बाप फ्रान्समध्ये सैनिकांच्या स्मशानांतून हिंडला, आणि युद्धस्मशान आयोगावर काम करून अनामिक सैनिकांच्या शिळांवरील मजकूर त्याने ठरवून दिला.

१९३५ मध्ये, सत्तरीच्या उंबरठ्यावर, तो आत्मचरित्र लिहावयास बसला. पहिल्याच पानावर पहाटेचा प्रकाश, फळांचे रंग आणि आया आहे. ते अपुरे राहिले. १८ जानेवारी १९३६ रोजी तो लंडनला वारला, आणि पत्नीने ते पुस्तक पुढल्या वर्षी प्रसिद्ध केले. त्यात मीताचे नाव आहे. आयेचे नाही.

ट्रिक्स १९४८ पर्यंत एडिंबरोला राहिली. म्हातारपणी ती तेथील प्राणिसंग्रहालयात जात असे आणि हत्तींशी हिंदुस्थानीत बोलत असे.